कोपानचा जिना

जुनी पोस्टकार्डं दिसली की स्टँडला एक बोट लावायचं, तो फिरवायचा आणि हवं ते काही नाही असं दिसलं की पुढे चालू लागायचं, ही त्याची इतक्या वर्षांची सवय. त्या शनिवारी दुपारीही त्याने तेच केलं. दवाखाना बंद करून तो घड्याळाचा पट्टा बदलायला निघाला होता, डोक्यात दुसरं काही नव्हतं. जुन्या सामानाच्या दुकानाबाहेर तारेचा गंजका स्टँड उभा होता. बोट लागल्यावर तो कुरकुरत फिरला. समुद्रकिनारे, हॉटेलं, टोपलीतली मांजराची पिल्लं, कुठल्याशा राजवाड्याचं कारंजं, आणि मग कोपानचा जिना. आधी त्याला नुसता आनंदच झाला. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पडक्या शहरांची कार्डं या गावात कुणी विकायला ठेवत नाही. त्याला ती लांबलांबच्या व्यापाऱ्यांकडून मागवावी लागायची, आणि पोस्टाची तिकिटं गोळा करणाऱ्यांच्या मंडळात सगळे त्याला प्रेमाने आणि थोडं चेष्टेने 'मायावी' म्हणायचे. त्याने कार्ड उपसून काढलं. जंगलाच्या हिरव्या अंधारातून वर चढत गेलेला दगडी जिना, प्रत्येक पायरीच्या दर्शनी अंगावर कोरलेली अक्षरं, मधूनमधून बसलेले दगडी राजे, आणि जिना केवढा आहे ते कळावं म्हणून पायथ्याशी उभा केलेला पांढऱ्या टोपीचा माणूस. मग त्याची नजर खालच्या उजव्या कोपऱ्यावर गेली. तिथे इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग होता. या चित्राची कार्डं जगात हजारो असतील, पण इस्त्रीने भाजलेलं एकच. ते भाजलं तेव्हा तो टेबलापाशी टाचा उंचावून उभा होता आणि इस्त्री ताईच्या हातात होती.

दुकानदार आत एका फुटक्या आरामखुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीचा वेत विणत होता. "हे कुठून आलं?" त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"एक बाई देऊन गेल्या. बुटांच्या खोक्यात होती सगळी. किती द्यायचे विचारलं, तर म्हणाल्या, काही नको, जागा मोकळी करायचीय."

"उंच? पांढरे केस, आखूड?"

"उंच होत्या खऱ्या. घाईत होत्या. मी म्हटलं, बाई, एकदा बघून तरी घ्या, कधीकधी मागून वाईट वाटतं. तर म्हणाल्या, बघून झालंय." दुकानदाराने वेताचं टोक दाताने ओढून ताणलं. "थोडी गेली त्यातली. दोन मुली आल्या होत्या, भिंतीवर लावायला म्हणून घेऊन गेल्या. बाकीची त्या खोक्यात आहेत. तुमच्या ओळखीच्या का?"

"बहीण आहे माझी," तो म्हणाला. दुकानदाराचे हात थांबले. मग त्याने काहीतरी समजल्यासारखी मान हलवली आणि उरलेली कार्डं कागदी पिशवीत भरून दिली. पैसे मात्र पुरते घेतले.

रस्त्यावरून चालताना ती पिशवी त्याच्या मांडीवर आपटत होती, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला मागून बोट लावतंय. राग आला होता हे खरं, पण तो राग नीट पेटत नव्हता, ओल्या काडीसारखा नुसताच फुरफुरत होता. निदान एक फोन करायचा. मला नकोत, तुला हवीत का, एवढं विचारायला काय लागतं? बाबा गेल्यावर जुनं घर रिकामं करताना भांडी, कपाटं, बाबांची हत्यारं, कशावरूनच दोघांत शब्द झाला नव्हता. शेवटी उरलं होतं ते बुटांचं खोकं आणि तिकिटांचा आल्बम. त्याने गृहीत धरलं होतं की दोन्ही आपल्याकडेच येणार, कारण तेव्हाही सगळ्यांच्या लेखी तो छंद त्याचाच होता. पण ताईने खोकं उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, "तिकिटं तू घे. कार्डं माझ्याकडे राहू दे." त्याला ते लागलं होतं, आणि लागता लागता बरंही वाटलं होतं. म्हणजे तिलाही तेवढंच हवंय तर, तीही विसरलेली नाही, असं वाटलं होतं. नंतरच्या वर्षांत दोघांचं जाणं-येणं कमी होत गेलं, फोन वाढदिवसापुरते उरले, ताई सेवानिवृत्त झाली तेही त्याला उशिरा कळलं. पण त्या सगळ्या पातळ होत गेलेल्या नात्याखाली ते खोकं आहे असं तो धरून चालला होता. ती तिकडे कार्डं जपतेय, आपण इकडे तिकिटं. तिकिटांच्या मागे कार्डांचा पांढुरका कागद अजून चिकटलेला आहे, आणि तिच्याकडच्या कार्डांवर तिकिटं निघाल्याचे फिकट चौकोन आहेत. कधीतरी एका टेबलावर बसून ते जुळवायचे, एवढंच राहिलंय, असं त्याला वाटत आलं होतं.

ती तिकिटं दोघांनीच काढली होती, आणि कुणाही जाणत्या संग्राहकाने कपाळावर हात मारावा अशा पद्धतीने. कार्डं पाठवायचा मामा. तो मालवाहू जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता आणि त्याचं जहाज केळी भरायला तिकडच्या किनाऱ्यावर जायचं. बंदरातल्या दुकानात जी कार्डं मिळतील ती तो आईच्या नावाने टाकायचा. मजकूर नेहमी एकच, मी मजेत आहे, तब्येत सांभाळ. तिकाल, पालेंके, उश्माल, चिचेन इत्झा, कोपान. मुलांना ही नावं एखाद्या जादूच्या मंत्रासारखी पाठ झाली होती, कारण ताई ती वाचून दाखवायची, आणि कुठे अडली तर बिनदिक्कत स्वतःच्या मनाने म्हणायची. कार्डं पाण्याच्या वाडग्यात टाकून तिकीट सुटायची वाट बघायची, मग कार्ड टॉवेलमध्ये दाबायचं. कोपानचं कार्ड वाळेना, म्हणून ताईने त्यावर इस्त्री फिरवली. करपल्याचा वास आला तसे दोघे घाबरून पंख्यासारखे हात हलवायला लागले होते. आवाज मात्र कुणी केला नव्हता. त्या घरात आवाज करायचा नसे. समोरच्या खोलीत आई झोपलेली असे, दिवसाही, पडदे ओढून. तो सहा-सात वर्षांचा होता, ताई तेरा-चौदाची. आवाज का करायचा नाही हे त्याला बाबांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं ते ताईने, आणि तेही कार्डांवरून. देवळाच्या टोकावर ती छोटी खोली दिसतेय ना, तिच्यात राजा झोपलाय. तो जागा झाला की जंगल पुन्हा शहरावर चाल करून येईल. म्हणून पायऱ्या चढायच्या त्या बोटांनी, आणि बोलायचं ते कुजबुजत. तो कार्डावर दोन बोटं चालवत एकेक पायरी चढायचा. कुजबुजणं ही त्याला शिक्षा कधी वाटलीच नाही. ते एक मोठं, महत्त्वाचं काम होतं.

घरी बायकोने पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "परत दगड का?" तिला या कार्डांचं ना कौतुक ना तक्रार. चौतीस पानी आल्बमावर धूळ बसू नये एवढं ती बघायची. त्याने तिला सांगितलं, ताईने दिलीत. ते खोटंही नव्हतं. बायकोने विचारलं, "ताई आल्या होत्या? दवाखान्यात?" "नाही," तो म्हणाला, आणि विषय तिथेच पडला. त्यांच्या घरात ताईचा विषय असाच पडायचा, कुणी पाडला असं न वाटता.

पुढचा आठवडाभर तो दवाखान्यात कान तपासत राहिला. त्याचं काम असं की काचेपलीकडच्या छोट्या आवाजबंद खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि अलीकडून बारीक होत जाणारे सूर सोडायचे. सूर ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. सोपं वाटतं, पण माणसं ऐकू येण्याच्या कडेवर आली की गमतीशीर वागतात. काही जण ऐकू येत असूनही दाबत नाहीत, नक्की आला का, चुकलं तर काय, म्हणून वाट बघत राहतात. आणि काही जण मुळात सूर सोडलेलाच नसताना दाबतात. त्यांना तो खरोखरच ऐकू आलेला असतो. त्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आली, तिने शांततेत इतक्यांदा बटण दाबलं की त्याने मशीन थांबवून दार उघडलं. "बाई, आत्ता काही वाजलं नव्हतं." "वाजलं," ती म्हणाली, "चांगलं वाजलं. तुमच्या बाजूला नसेल आलं." एरवी तो हसला असता. त्या दिवशी तो काचेत उमटलेला आपलाच चेहरा बघत उभा राहिला, आणि त्याला वाटलं, ताईच्या बाजूला काय वाजत होतं हे आपण कधी विचारलं का? बघून झालंय, असं ती दुकानदाराला म्हणाली होती. हे शब्द रागाचे नव्हते. दमलेल्या माणसाचे होते.

रोज संध्याकाळी तो ती कार्डं टेबलावर मांडायचा. उश्मालचा तो गोलसर अंगाचा उंच पिरॅमिड, जो एका बुटक्याने एका रात्रीत बांधला अशी गोष्ट सांगतात. पालेंकेचं पांढरं देऊळ, त्याच्या पोटातून खाली उतरत जाणारा जिना आणि तळाशी राजाचं थडगं. पण हात पुन्हा पुन्हा कोपानकडेच जायचा. त्या जिन्याबद्दल त्याने मोठेपणी वाचलं होतं. तो सापडला तेव्हा थोड्याच पायऱ्या जागच्या जागी होत्या, बाकीचा जिना ढासळून दगडांचा ढीग झाला होता. ज्यांनी तो पुन्हा उभा केला त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. त्यांनी दगड हाताला लागले तसे रचले. जिना झाला, सुरेख झाला, त्याचे फोटो निघाले, तिकिटं निघाली. मजकूर मात्र मोडला तो मोडलाच. राजांच्या जन्ममरणाची हकीकत पायरी-पायरीने मागेपुढे झालेली. मंडळात भाषण करताना तो ही गोष्ट नेहमी सांगायचा, लोकांना आवडायची. आणि भाषणाच्या शेवटी तो आपला तो दिवस सांगायचा. तो दिवस म्हणजे त्याच्या बालपणातला सगळ्यात मोठा आनंदाचा दिवस. ताईने सगळी कार्डं घरातल्या गच्चीच्या जिन्यावर मांडली होती, पायरीला एक. आणि म्हणाली होती, आज राजा उठलाय, आज त्याला आपले आवाज ऐकायचेत, जेवढं ओरडता येईल तेवढं ओरड. त्याचा विश्वासच बसेना. मग तो पायरी-पायरीवर उभा राहून ओरडत सुटला. तिकाल! पालेंके! कोपान! वर जाऊन पुन्हा खाली, खालून पुन्हा वर. ताई त्याच्यामागे धावत होती, त्याला गुदगुल्या करत होती, तो हसून हसून पायरीवर लोळला होता, पोट दुखायला लागलं होतं. गच्चीच्या दारातून ऊन सरळ जिन्यात उतरलं होतं आणि कार्डं चकाकत होती. मग गोळ्या मिळाल्या, एक नाही, अख्खी पुडी. असा दिवस त्यानंतर कधी आला नाही. तो प्रत्येक भेटीत ताईला विचारायचा, "तो दिवस आठवतो का गं?" आणि ताई म्हणायची, "आठवतो की." मग उठून काहीतरी आवरायला लागायची.

पुढच्या शनिवारी तो पिशवी घेऊन तिच्याकडे गेला. फोन न करताच. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. दार उघडून तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, आणि पिशवीच्या तोंडातून डोकावणाऱ्या कार्डांच्या कडांकडे. एक मोठा श्वास सोडून ती बाजूला झाली. "ये. पाय पूस, आत्ताच फरशी पुसलीय." घर खरंच मोकळं झालं होतं. कपाटाची एक फळी पूर्ण रिकामी होती, खिडकीतल्या कुंड्यासुद्धा कमी झाल्या होत्या. तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला. तिने कॉफीसाठी दूध गॅसवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मला विचारायचं तरी होतंस, ताई."

"विचारलं असतं तर तू घेऊन गेला असतास."

"मग? त्यात काय वाईट होतं?"

"ते मला नको होतं." ती वळली नाही. "बाबा गेले तेव्हाही नको होतं, म्हणून मी ठेवली. मला हवी होती म्हणून नाही, छोट्या. मला ती पडकी देवळं कधीच आवडली नाहीत. कधीच. भीती वाटायची त्यांची."

साठीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. ते माणूस असं काही बोलेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. "काहीतरीच," तो म्हणाला. "तूच तर शिकवलीस मला ती. नावं तू शिकवलीस. राजाची गोष्ट तू सांगितलीस. तो दिवस तरी..."

"तो दिवस." आता ती वळली. ओट्याला टेकून, दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिली. "कुठला दिवस ते तुला माहितीये का?"

"म्हणजे काय? जिन्यावर कार्डं मांडली होतीस तो. ऊन होतं. मी ओरडत होतो..."

"खाली दारात चपला होत्या, आठवतं?"

त्याला आठवलं. आठवलं हेच विचित्र होतं, कारण त्या दिवसाच्या आठवणीत चपला कधी नव्हत्या. पण ती म्हणाली आणि त्या दिसल्या, जिन्याच्या तळाशी, बायकांच्या, पुरुषांच्या, एकमेकांवर चढलेल्या, पाहुणे येतात तशा. औषधाचा तो कडवट वासही आला. आणि बाबा. बाबा मधल्या बोळात भिंतीकडे तोंड करून उभे, ते कुठल्या दिवशी? हे सगळं त्याच्याकडे होतं, पण वेगळीकडे ठेवलेलं होतं. नाव नसलेल्या, मधल्याच कुठल्यातरी दिवशी.

"त्या दिवशी आई गेली," ताई म्हणाली.

"नाही," तो लगेच म्हणाला. अगदी काचेपलीकडच्या माणसासारखा, बटण दाबल्यासारखा. "आई गेली तेव्हा ढगाळ होतं. सकाळ होती. बाबांनी मला टेबलाशी बसवलं, संत्रं सोलून दिलं आणि सांगितलं. मला पक्कं आठवतंय, त्यांनी कधी संत्रं सोललं नव्हतं. ते सगळं नंतरचं आहे, ताई. कितीतरी नंतरचं."

"संत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी. तुला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर सगळं आटोपलं होतं."

दूध वर आलं. तिने हात मागे नेऊन, न बघताच गॅस बारीक केला. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. दोन दिवस शेजारी-शेजारी होते आणि त्याने त्यांच्यामध्ये अख्खा काळ बसवला होता, ऋतू बदलले होते, एक दिवस सोन्याचा केला होता आणि दुसरा राखेचा. आणि हे तो लोकांना सांगत फिरला होता. भाषणाच्या शेवटी. टाळ्या पडायच्या. तिला तर त्याने ते प्रत्येक भेटीत सांगितलं होतं, तिच्या घरी, स्वतःच्या लग्नात, हॉस्पिटलमधल्या बाबांच्या कॉटशेजारी. किती मजा आली होती ना गं. आणि तिने प्रत्येक वेळी म्हटलं होतं, आठवतो की. मग हळूहळू भेटी कमी केल्या होत्या. आत्ता त्याला कळलं की तिला तो नकोसा झाला नव्हता. तिला तो प्रश्न नकोसा झाला होता.

"का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"कधी सांगणार? लहान होतास तेव्हा तू त्या दिवसावर जगत होतास. रात्री दचकून उठायचास आणि म्हणायचास, जिन्याची गोष्ट सांग. मी सांगायचे. मग मोठा झालास तर त्याचा छंदच झाला तुझा, लोक तुला त्यावरून ओळखायला लागले. सगळं त्याच एका दिवसावर उभं केलंस तू. मी खालचा दगड काढू?" ती ओशाळल्यासारखी हसली. "कार्डं माझ्याकडे असली की निदान माझ्यासमोर तू ती काढून बसणार नाहीस, एवढाच माझा हिशेब. यंदा आवराआवर करताना खोकं हाताला लागलं आणि वाटलं, बास. आता किती दिवस मी यांची राखण करायची?"

खिडकीखाली कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती दोनदा धडधडून बंद पडली. मग त्याला एक गोष्ट खुपायला लागली, बारीक, चपलेत खडा गेल्यासारखी. रोज कुजबुजायला लावणाऱ्या ताईने नेमकं त्याच दिवशी ओरडायला का सांगितलं? घरात माणसं जमलेली, खाली आई जातेय, आणि वर एक पोरगं बेंबीच्या देठापासून किंचाळतंय. लोकांनी काय म्हटलं असेल? बाबा काही बोलले कसे नाहीत?

"ओरडायला मला तू सांगितलंस," तो म्हणाला. "त्या दिवशी. का गं?"

ताई समोरच्या खुर्चीत बसली. "मी नाही सांगितलं. आईने सांगितलं." तिने टेबलावरचा पाण्याचा ठिपका बोटाने पुसला. "सकाळी मला आत बोलावलं. तिला बोलवत नव्हतं फारसं. आधी म्हणाली, त्याला इथे आणू नको, मला अशी बघेल. मी म्हटलं, बरं, शेजारी पाठवते. तर मान हलवली. लांब पाठवू नको म्हणाली. म्हणाली, रोज त्याला गप्प बसवतेस, आज नको बसवूस. त्याला हसव. मोठ्याने. आणि दार लावू नको, मला ऐकू येऊ दे." तिचा आवाज सपाट होता, जणू ही वाक्यं तिने इतकी वर्षं इतक्यांदा मनात म्हटली होती की त्यांच्यावरचे सगळे कोपरे झिजले होते. "तुला कसं हसवायचं मला सुचेना. गुदगुल्या केल्या, कार्डं मांडली. एक मावशी वर यायला निघाली मला रागवायला, कार्टी वेडी झाली का म्हणून. बाबांनी तिला बोळातच अडवलं. म्हणाले, ओरडू दे त्यांना."

आणि मग त्याला ते ऐकू आलं. आईचा आवाज नव्हे. तो त्याच्याकडे कधी नव्हताच, त्याने खूपदा आठवून पाहिला होता. ऐकू आलं ते स्वतःचं ओरडणं, पण खालून. जिन्याच्या पायथ्याकडून, उघड्या दारातून, पडदे ओढलेल्या खोलीत पोचणारं, लांबचं, भिंतींना आपटून थोडं जाड झालेलं एका पोराचं हसणं. इतकी वर्षं तो त्या जिन्यावर वर उभा होता. खाली कुणी ऐकत असेल हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. शेवटच्या घडीला कान सगळ्यात उशिरा जातात हे त्याने किती नातेवाइकांना सांगितलं होतं, बोलत राहा, त्यांना पोचतं, असं म्हणून. त्याने डोळे मिटले. दिवस काही गेला नव्हता. ऊन होतं, कार्डं होती, हसणंही खरं होतं. फक्त तो दिवस त्याच्या एकट्याचा नव्हता.

"पोचलं का पण तिला?" त्याने विचारलं.

"मी तुझ्याबरोबर होते ना वर. मला काय माहीत?"

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, आणि तो चमकून तिच्याकडे बघायला लागला. समोर आखूड पांढऱ्या केसांची, उंच, सेवानिवृत्त बाई बसली होती, आणि तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी. तिची आई खाली जात होती आणि ती वर जिन्यात धाकट्या भावाला गुदगुल्या करत होती. शेवटच्या घडीला तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. तिला कुणी संत्रं सोलून दिलं नव्हतं. आजवर त्याच्या डोक्यात त्या दिवशी फक्त एकच मूल होतं.

"ताई, तू कधी रडलीस?"

"काय?"

"त्या दिवशी. नाहीतर नंतर. कधी?"

"वेळ कुठे होता?" ती चटकन म्हणाली, नेहमीच्या तिच्या फटकळ सुरात. "तुला जिन्यावर ठेवायचं होतं. मग तुला जेवायला घालायचं होतं. मग बाबांचं..." ती थांबली. पुढचं वाक्य शोधत असल्यासारखं तिने तोंड उघडं ठेवलं, आणि वाक्याऐवजी एक वेगळाच आवाज बाहेर आला. तो आधी घाबरला, तिला ठसका लागला असं वाटलं. पण तो हुंदका होता, आणि त्यामागे दुसरा, आणि मग ते आवरेनात. ती तोंडावर हात दाबत होती, मान हलवून नको नको म्हणत होती. कुणाला नको म्हणत होती तिलाच ठाऊक. तो उठला. गॅस बंद केला, खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणाच्या पाठीवर असा हात ठेवायची त्याला सवय नव्हती, तो हात लाकडासारखा पडला होता. गप्प बस असं मात्र तो म्हणाला नाही. पाणी आणू का असंही म्हणाला नाही. ताईने तोंडावरचा हात काढला आणि मोठ्याने रडायला लागली, अगदी गळा काढून, लहान मुलीसारखी. तो आवाज स्वयंपाकघरातून, पुसलेल्या फरशीवरून, रिकाम्या फळ्यांवरून जिन्यापर्यंत गेला असणार, कारण थोड्या वेळाने दारावरची बेल वाजली. लागोपाठ दोनदा.

त्याने दार उघडलं. समोरच्या घरातली तरुण शेजारीण उभी होती, केसांना शाम्पू लावलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. फेसाचा एक ओघळ तिच्या कानामागून खांद्यावर उतरत होता. "काय झालं? काकूंना काय झालं?" ती त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली. "तुम्ही कोण?"

"मी भाऊ. धाकटा." त्याच्या तोंडून पुढचं आपोआप बाहेर पडलं. "आमची आई गेली."

"अगं बाई!" तिने तोंडावर हात नेला. "कधी?"

उत्तराची तिने वाट पाहिलीच नाही. चपला उंबऱ्यातच सोडून ती त्याच्या बाजूने आत गेली. ताईच्या खुर्चीपाशी खाली बसून तिने तिचे दोन्ही हात आपल्या ओल्या हातांत घेतले. "रडा, काकू," ती म्हणत होती, "रडा चांगल्या. आई ती आईच. कितीही वय झालेलं असू दे." ताईने तिच्या टॉवेलवर डोकं टेकलं. काही सांगायला ती तोंड उघडायची आणि पुन्हा रडायला लागायची. शेजारीण तिला थोपटत राहिली. मग तिने मान वर करून दारात उभ्या राहिलेल्या त्याच्याकडे बघितलं, थोडं रागावूनच.

"आणि तुम्ही तिथे उभे काय? तुमचीही आईच ना? या, बसा इथे."

तो गेला आणि बसला.